चौथा हेलकावा

ओव्हाळ बाईंसमोर ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कंपनीच्या बसमध्ये कुणी सहज म्हणालं, "अंदाजे अर्धा तास उशीर होईल बघा," की खिडकीबाहेर बघत बाई विचारायच्या, "कुणाच्या अंदाजानं? तुमच्या का ड्रायव्हरच्या?" भाजीत मीठ किती घालता, असं शेजारणीनं विचारलं तर इतर बायका ‘चवीपुरतं’ म्हणून मोकळ्या होतात. बाई आतून चमचा आणून दाखवायच्या. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला होता, म्हणजे घरात दुसऱ्या कुणी तो उचलू नये. दुसरं कुणी म्हणजे त्यांचे यजमान, सदाभाऊ. ते मुद्दाम तोच चमचा चहा ढवळायला घ्यायचे.

"मॅडम, साखर विरघळली का, ते अंदाजे सांगू का?" असं वर विचारायचे. बाई रागावल्यासारखं करून स्वयंपाकघरात जायच्या आणि आत जाऊन हसायच्या. बाहेर ऐकू यायचं ते हसणं. आता त्या घरात तो चमचा कुणी पळवत नाही. मधे एकदा गेलो होतो तेव्हा पाहिलं, दोरा काढून टाकलेला होता.

बाई चाकणच्या एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला होत्या आणि मी त्याच कंपनीत पेंट शॉपला. दोघांचीही चिखलीची बस. त्यांचे वडील पिंपरीत कारखान्यात कामगार होते. लेकीला डिप्लोमाला घातलं म्हणून भावकीत त्यांना बोलणी खावी लागली आणि लेक नोकरीला लागल्यावर त्याच भावकीत त्यांनी पेढे वाटले. इंजिन स्टँडवर चढवायचं, दिवसभर चालवायचं आणि ते किती तेल प्यालं हे मोजायचं, असं बाईंचं काम. आमच्याकडे लोक इंजिनाला माणसासारखं बोलतात, हे रुसलं, ते दमलं म्हणतात. बाई तसं कधी बोलल्या नाहीत. त्या म्हणायच्या, इंजिन खोटं बोलत नाही, मोजणारा बोलतो.

सदाभाऊंची स्वतःची गाडी होती, पांढरी, हिंजवडीच्या एका आयटी कंपनीला लावलेली. सकाळी पोरापोरींना घेऊन जायचे, संध्याकाळी आणून सोडायचे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये भल्याभल्यांची डोकी फिरतात. सदाभाऊ त्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवायला शिकले असं स्वतः सांगायचे. उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवायची आणि अनवाणी पायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. "पायाला कळलं पाहिजे, राव, पेट्रोल किती चाललंय ते." ब्रेक मारावा लागला तर चुकचुकायचे. मागच्या सीटवर झोपलेली पोरगी ताथवड्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत जागी झाली नाही, की तो दिवस चांगला गेला. मोजण्याची त्यांचीही एक रीत होती, फक्त तिला काटा नव्हता.

आमच्या भागातला मोटार क्लब दर जानेवारीत मायलेजची स्पर्धा घेतो. मोशीच्या पंपावर टाकी भरायची, चाकण, राजगुरुनगर करत मंचरपर्यंत जायचं, ठरलेल्या वेळात परत यायचं आणि त्याच पंपावर टाकी पुन्हा भरायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल बसलं तेवढं खर्च झालं. ज्याचं सगळ्यात कमी, तो पहिला. माझं अक्षर बरं, म्हणून फळ्यावर आकडे लिहायचं काम माझ्याकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी गोम त्या दुसऱ्या भरण्यात आहे. गाडी जरा चढावर उभी केली, टाकीत हवा अडकून राहिली, नोझल खटकन बंद झालं आणि भरणाऱ्यानं हात आखडता घेतला, की कागदावर गाडी जादूची होते.

बाई पहिल्यांदा आल्या त्या नुसत्या बघायला, सदाभाऊंसोबत. त्या वर्षी पहिल्या आलेल्या गाडीचा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि मागून आवाज आला, "सकाळी ही गाडी त्या खांबापाशी होती. आता इकडे चढाला का लावली?" सगळे वळले. पंपाचे मालक अण्णा म्हणजे जुने गाववाले, कपाळावर बुक्का, आवाज शेतापलीकडं जाईल असा. ते म्हणाले, "आवो बाई, आमी काय चोर हाय व्हय? एवढं वाटतंय तर म्होरल्या वर्षी तुमीच भरा की." त्यांना वाटलं, बाई गप्प बसतील. बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि पुढच्या स्पर्धेची तारीख विचारली.

पुढच्या जानेवारीपासून पंपाचा नूरच बदलला. प्रत्येक गाडी एकाच जागी लागणार, चाकांभोवती खडूची रेघ. नोझल तेच, भरणारा हात तोच. परत आलेली गाडी आधी शेडखाली निवू द्यायची. मग टाकी भरायची आणि बाईंनी हात वर केला की चौघांनी गाडीला दोन्ही बाजूंनी हेलकावा द्यायचा. आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येते आणि तोंडाशी आलेलं पेट्रोल खाली बसतं. तेवढं काचेच्या मोजपात्रानं वरून घालायचं. असं तीन वेळा. सुरुवातीला तीन हेलकावे, शेवटी तीन हेलकावे, गाडी आमदाराच्या मेव्हण्याची असो नाहीतर भाजीवाल्याची. बाई म्हणायच्या, "पहिलं माप कुणीही मन लावून भरतं. दुसरं भरताना माणूस कळतो."

एका वर्षी वाकडची एक मुलगी उतरली होती. तिच्या गाडीत वरून घालताना पात्रातलं पेट्रोल उसळून थोडं जमिनीवर सांडलं आणि ते तिच्याच नावावर लागलं. मुलीनं हूं का चूं केलं नाही. निकाल लागला, क्लबच्या अध्यक्षांचा जावई तिसरा आला, हार झाला, फोटो झाला. बाई हात धुवायला नळावर गेल्या आणि तशाच ओल्या हातांनी परत आल्या. स्पीकर मागून घेतला. "माझी चूक झाली आहे. सांडलेलं पेट्रोल टाकीत गेलं नव्हतं. तिसरा नंबर या मुलीचा आहे." जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं. अण्णा हळूच म्हणाले, "बाई, आता जाऊ द्या की. फोटो बी काडून झालं."

"फोटो राहू द्या," बाई म्हणाल्या. "माने भाऊ, फळा बदला."

मी फळा बदलला. त्या दिवसापासून त्या स्पर्धेला वजन आलं. नाशिककडचे, नगरकडचे लोक यायला लागले, कारण इथला नंबर म्हणजे खरा नंबर.

आणि नेमकं तेव्हाच सदाभाऊंना स्पर्धेत उतरायचं वेड लागलं. बाईंनी लगेच अण्णांना सांगितलं, यांच्या गाडीचं माप दुसऱ्या कुणी भरावं. अण्णा ऐकेनात. उतरणारे गाडीवालेही म्हणाले, बाई, तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही. सदाभाऊंचं तर वेगळंच होतं. पुण्यात, कोल्हापुरात अशा स्पर्धा व्हायच्या, तिकडे जा म्हटलं तर जायचे नाहीत. "दुसऱ्याच्या मापाचा पहिला नंबर घेऊन काय करू, राव? आमच्या मॅडमच्या मापानं पहिला आलो तर खरा." एवढी एकच हौस होती माणसाला. बाकी सिगरेट नाही, पत्ते नाहीत. घरातल्या टीव्हीवरची जागा त्यांनी पहिल्या नंबरच्या कपासाठी रिकामी ठेवली होती आणि बाई तिथं फुलदाणी ठेवायला गेल्या की उचलून खाली ठेवायचे.

पहिल्या वर्षी गाड्या सुटल्यावर चहाच्या स्टॉलवर कुणीतरी बोललं, "आता काय, घरचाच कप." बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं हे मला कळलं, कारण हातातला चहा त्यांनी न पिता तसाच ठेवला. त्या वर्षी सदाभाऊ चौथे आले. पुढं तिसरे, मग दुसरे. मग पुन्हा तिसरे. दरवर्षी टाळ्या वाजवून, सगळ्यांना जयभीम, रामराम घालून घरी जायचे आणि टीव्हीवरची धूळ पुसायचे.

मग त्यांच्या किडनीचं दुखणं निघालं. आयटी कंपनीचं काम सुटलं, डायलिसिस सुरू झालं. अंगावरचं मांस उतरलं, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. हिंजवडीच्या पोरापोरींनी काही दिवस फोन केले, मग त्यांना दुसरा ड्रायव्हर मिळाला. डिसेंबरात सदाभाऊ म्हणाले, एकदा शेवटचं उतरायचंय. बाईंनी साफ नाही म्हटलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला निरोप पाठवला, माने भाऊ, यांच्या शेजारी तुम्ही बसा. प्रत्येक गाडीत सोबती लागतोच. आकडे काय, परत आल्यावर लिहायचे असतात.

असा मी त्या रविवारी त्यांच्या शेजारी बसलो. चप्पल काढून त्यांनी बाजूला ठेवली. पाय सुजलेला होता, पण अ‍ॅक्सिलरेटरवर तो असा टेकला की गाडी निघाली ते मला कळलं नाही. चाकणच्या चौकात कंटेनरची ही गर्दी असते. सदाभाऊ लांबूनच बघायचे, कुठला ट्रक कधी हलणार, आणि तिथं पोचेपर्यंत वाट आपोआप मोकळी व्हायची. मंचरपर्यंत ब्रेक लावल्याचं मला आठवत नाही. येताना राजगुरुनगर मागं टाकलं आणि ते म्हणाले, "माने, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही. तिला तर नाहीच नाही."

"बोला की."

"आमच्या मॅडम माझ्या गाडीला एक हेलकावा जास्त देतात."

मला आधी समजलंच नाही. ते हसले. "शेवटच्या मापाला सगळ्यांना तीन, मला चार. दरवर्षी. मी दोरीपलीकडं उभा राहून मोजतो ना. तिला ठाऊक नाही. तिला वाटतं, माझ्याच टाकीत हवा राहिली असंल, लोक काय म्हणतील. म्हणून हात पुन्हा वर जातो."

"अहो मग सांगा ना! चौथ्या हेलकाव्यानं जास्त पेट्रोल बसतं, ते तुमच्या नावावर जातं. तुम्ही कदाचित मागंच पहिले आला असता."

"सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी हे काम सोडंल. तुम्ही ओळखता तिला." गाडीनं एक वळण घेतलं, पाण्यासारखं. "आणि मग काय राहिलं, राव? तिच्या मापानंच जिंकायचं होतं. आज चार हेलकावे देऊनपण जिंकतो का नाही बघा. आज गाडी अशी पळालीय, कधी पळाली नव्हती."

पंपावर आलो. शेडखाली गाडी निवली, मग खडूच्या रेघांत लागली. मी आणि सदाभाऊ दोरीपलीकडं उभे होतो, त्यांनी माझा दंड धरला होता, आधारासाठी. बाईंनी टाकी भरली. हात वर केला, पोरांनी गाडी हलवली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. बाई वाकून टाकीच्या तोंडाशी बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्या एवढं बघत नव्हत्या. मग हात वर गेला. माझा दंड किंचित दाबला गेला. मी वळून पाहिलं तर सदाभाऊ हसत होते, आपल्या लहान मुलाची खोड बघून बाप हसतो तसे.

मी फळ्यावर आकडे लिहिले. सदाभाऊ दुसरे आले. पहिल्यात आणि त्यांच्यात चहाच्या कपाएवढं पेट्रोल. माझा खडू मोडला, पण मी शब्द दिला होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. बाईंनी त्यांना हात धरून उठवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी याल पहिले." बाईंच्या तोंडून असं मोघम वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवशी गाडी चिखलीला घरी आली ती पार्किंगमध्ये उभीच राहिली. दवाखान्याच्या फेऱ्या पुतण्याच्या गाडीतून झाल्या. होळीच्या आधी सदाभाऊ गेले.

बाई रडल्या नाहीत असं लोक सांगतात. रडल्या. मी पाहिलं आहे. दहनभूमीत नाही, घरी आल्यावर, टीव्हीवरच्या रिकाम्या जागेकडे बघून रडल्या, आणि मग जी माणसं आली होती त्यांच्यासाठी चहा टाकायला उठल्या.

माझ्या मुलीनं त्या स्पर्धेत मोबाइलवर बरंच शूटिंग केलं होतं. त्यात सदाभाऊ हसताना छान आले होते, म्हणून तिनं ते बाईंना पाठवलं. चार-पाच दिवसांनी बाईंचा फोन आला. "माने भाऊ, येता का?" आवाज नेहमीसारखाच होता. मी गेलो. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. आधी दुसऱ्या कुणाची गाडी, हात तीनदा वर. मग सदाभाऊंची. बाईंनी बोटानं मोजून दाखवलं.

"मागच्या वर्षांचंही मागवलं अण्णांकडून," त्या म्हणाल्या. "सगळीकडे तेच आहे. प्रत्येक वर्षी." मोबाइल खाली ठेवून म्हणाल्या, "मी वाकडच्या मुलीसाठी स्पीकर घेतला होता."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम करणाऱ्याला निदान माहीत तरी असतं. मी माझ्याच माणसाला मापात मारलं आणि मला पत्ता नाही." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. कंपनीत चुकीचा आकडा आणणाऱ्याकडे बघायच्या तसं. "त्यांना माहीत होतं?"

शब्द दिला होता. पण ज्याला दिला तो माणूस गेला होता आणि समोर ही बाई होती, जिच्याशी कुणी कधी खोटं बोललं नव्हतं. मी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या. खाली पार्किंगमध्ये पांढरी गाडी धुळीनं राखाडी झालेली दिसत होती. "आणि तरी दरवर्षी माझ्याच पंपावर यायचे," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला.  मला आजही वाटतं, सदाभाऊंनी ते मला सांगायला नको होतं. आणि असंही वाटतं, की कुणालाच न सांगता गेले असते तर ते प्रेम कुणाला कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी बाई अण्णांकडे गेल्या, म्हणाल्या, फळा बदला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बदलतो की, बाई. सदाभाऊ पयला, लिवतो मी सोता." बाई म्हणाल्या, तसं नाही चालणार. चौथ्या हेलकाव्यानंतर किती पेट्रोल गेलं ते वेगळं मोजलेलं नाही. कपभर गेलं असेल, घोटभर गेलं असेल. न मोजलेल्या गोष्टीवर कुणाचा पहिला नंबर काढून घेता येत नाही. आयुष्यभर थेंब थेंब मोजणाऱ्या बाईंना तो एक घोट मोजता आला नाही. त्यांनी काम सोडलं. जाताना एक नियम तेवढा लावून गेल्या, शेवटच्या मापाला गाडीवर ताडपत्री टाकायची, टाकीचं तोंड तेवढं उघडं. गाडी कुणाची ते भरणाऱ्याला कळता कामा नये. आता आमच्याकडे तसंच चालतं.

पुढच्या जानेवारीत आमंत्रण द्यायला मी चिखलीला गेलो. येणार नाहीत हे माहीत होतं, तरी गेलो. बाई खाली पार्किंगमध्येच भेटल्या. गाडी धुऊन लख्ख केली होती. पुतण्या दुसऱ्या दिवशी ती घेऊन जाणार होता.

"टाकी भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून तशीच आहे. जरा जास्तच भरलेली आहे."

मी विचारलं, "काढून ठेवायचं का पेट्रोल?"

"नको. त्यांचं आहे."

ड्रायव्हरच्या सीटखाली सदाभाऊंची उजवी चप्पल होती. बाईंनी ती काढली नव्हती. आमंत्रणाचं कार्ड त्यांनी हातात घेतलं, वाचलं, नीट दुमडलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, खरं सांगा. त्या दिवशी ते पहिले आले असते?"

 गाडीच्या टपावर पाण्याचा एक ओघळ राहिला होता, तो बाईंनी पदरानं टिपला.

"आले होते," त्या म्हणाल्या. आणि मग, खालच्या आवाजात, "अंदाजे."

मी फाटकापर्यंत गेलो आणि वळून पाहिलं. बाई टपाला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी गाडीला एक हेलकावा दिला. थांबून दुसरा दिला, तिसरा दिला. मग हात खाली घेतला आणि गाडी स्थिर होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.